वाचकांचे प्रश्न : बोटीचे इंजिन, ब्लोअर आणि नागपूरचे ऊन

प्रश्न : वाडीला आमचे इंजिन दुरुस्तीचे वर्कशॉप आहे, काम बहुतेक ट्रकचे आणि जुन्या जीपचे. एका गिऱ्हाइकाने मुंबईहून आणलेल्या जुन्या स्पीडबोटीचे 7.4 लिटरचे व्ही-8 पेट्रोल इंजिन आमच्याकडे उघडायला दिले आहे. त्यावर 6-71 ब्लोअर (इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर) बसवून 10 पीएसआय बूस्ट (नेहमीच्या हवेवरचा जादा दाब) काढावा, असा त्यांचा आग्रह आहे. मोटारीला एवढा बूस्ट चालतो, तर बोटीला का चालू नये? पिस्टन, रिंग आणि टायमिंगचे आकडेही कळवावेत. (एक वाचक, वाडी)

उत्तर : 10 हा आकडा आधी कागदावरून खोडावा आणि मगच इंजिनाला पाना लावावा. मोटारीत पूर्ण बूस्ट लागतो तो पुढची गाडी ओलांडताना काही सेकंद; नंतर गिअर बदलतो, पाय उचलला जातो आणि पिस्टनला श्वास घ्यायला उसंत मिळते. बोटीला उतार नाही आणि घरंगळणे नाही. थ्रॉटल सोडताच पाणी बोटीला धरून ठेवते, त्यामुळे वेग टिकवायचा असेल तर इंजिनाला न संपणारा घाट चढणाऱ्या गाडीसारखे सतत ओढतच राहावे लागते. मोटारीच्या इंजिनाला जो बूस्ट पचतो, तोच बोटीत काही मिनिटांत पिस्टनचा माथा वितळवतो, याचे कारण एवढेच आहे.

आता आपल्याकडच्या हवेचा हिशेब पाहू. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब 14.7 ऐवजी साधारण 14.2 पीएसआय असतो. त्यात मे महिन्याचे 44 अंश धरले, तर 15 अंशांच्या प्रमाण हवेच्या तुलनेत घनता सुमारे 12 टक्क्यांनी कमी भरते. हा तोटा बूस्ट वाढवून भरून काढू, असे कोणालाही वाटेल. पण दाबली की हवा तापते. 6-71 सारख्या जुन्या रूट्स पद्धतीच्या (दोन फिरते रोटर हवा पुढे ढकलतात अशा) ब्लोअरची कार्यक्षमता 55 ते 60 टक्के धरली, तर 44 अंशांची हवा 7 पीएसआयवर सुमारे 110 अंशांपर्यंत आणि 10 पीएसआयवर 135 ते 140 अंशांपर्यंत जाते. एवढ्या तापलेल्या मिश्रणावर नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोकणे) व्हायला वेगळे निमित्त लागत नाही. तळ्याच्या पाण्यावर चालणारा इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारे साधन) बसवला तर 110 ची हवा 55-60 अंशांवर येऊ शकते. मात्र उन्हाळ्यात तळ्याचे पाणीच 30 अंशांच्या आसपास असते, आणि इंटरकूलर हवेला पाण्यापेक्षा थंड कधीच करू शकत नाही. माझे मत विचाराल तर इंटरकूलरशिवाय 5 आणि इंटरकूलरसह 7 पीएसआयवर थांबावे.

ब्लोअर किती वेगाने फिरवायचा, हे त्याच्या नावातूनच उलगडते. 6-71 हा मुळात जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा ब्लोअर. सहा सिलिंडर आणि प्रत्येक 71 घनइंचांचा. त्या इंजिनात तो जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा भरण्याचे काम करीत असे. एका फेरीत तो सुमारे 6.7 लिटर हवा ढकलतो, तर आपले 7.4 लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन एका फेरीत 3.7 लिटरच घेते. त्यामुळे त्याला क्रँकपेक्षा हळू फिरवावे लागते, म्हणजेच क्रँकवरची पुली लहान आणि ब्लोअरवरची मोठी ठेवावी लागते. गिऱ्हाइकाला सुरुवातीला सर्वांत मंद पुलीच द्यावी. हाव सुटली तर पुली बदलायला अर्धा तास पुरतो, पिस्टन बदलायला पुरत नाही.

पिस्टन फोर्ज्डच (ओतीव नव्हे, ठोकून घडवलेले) घ्यावेत आणि मूळ कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा) 8 च्या आसपास ठेवावा. हा रेशो हवेच्या दाबाच्या पटीने गुणला की अंदाज येतो : 8 च्या इंजिनाला 7 पीएसआय दिले तर परिणाम सुमारे 12 च्या रेशोसारखा, 10 दिले तर साडेतेरापलीकडचा. बोटीचे आणखी एक वेगळेपण असे की, तळ्याचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल तर सिलिंडरची भिंत थंड राहते आणि पिस्टन मात्र तापून फुगतो. म्हणून पिस्टन आणि भिंत यांमधली फट मोटारीपेक्षा जास्त ठेवतात. नेमका आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या पत्रकातला, आणि त्यातही बोटीच्या रकान्यातला पाहावा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती इथे घातक ठरते. तेल कधीच पुरेसे तापत नाही आणि त्यात पेट्रोल व पाणी साचत जाते.

रिंगच्या गॅपबाबत घाई करू नये. वरची रिंग सिलिंडरमध्ये टाकून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी, म्हणजे ती तिरकी राहत नाही, आणि मग फीलर गेज घालावा. साध्या इंजिनाला बोअरच्या दर इंचामागे चार हजारांश इंच गॅप पुरतो. ब्लोअरच्या इंजिनाला सहा ते सात हजारांश लागतो. आपला बोअर सव्वाचार इंचांचा आहे, म्हणजे किमान 0.65 मिलिमीटर झाले. दुसऱ्या रिंगचा गॅप वरच्यापेक्षा कमी नसावा. गॅप अपुरा असला की तापल्यावर रिंगची दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनच्या खाचेचा काठ तुटतो. उघडलेल्या इंजिनात रिंगच्या टोकांवर घासून चकाकी आलेली दिसली, तर दुसरे कारण शोधत बसू नये.

टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी क्रँकच्या किती अंशांवर ठिणगी पडते ते, पूर्ण बूस्टवर एकूण 28 अंशांपासून सुरू करावे आणि प्लग काढून पाहत पुढे जावे. दर पीएसआयमागे सुमारे एक अंश मागे घ्यायचा, हा ठोकताळा कामचलाऊ आहे, पण सुरुवातीला उपयोगी पडतो. प्लग नेहमीपेक्षा थंड जातीचे घ्यावेत. पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चंदेरी ठिपके दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम उडालेले असते. त्याच क्षणी थांबावे.

कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) निवडताना मोटारीच्या शर्यतीचा कॅम कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करण्यासाठी पाणी सोडलेले असते. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहणारा कॅम असला, की मंद गतीत तेच पाणी उलटे सिलिंडरमध्ये ओढले जाते. जुन्या बोटीचे हेड उतरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर तांबूस गंजाची रेघ दिसते, ती बहुधा यामुळेच.

शेवटी प्रोपेलर. ट्यूनिंगचा हा अखेरचा भाग आहे आणि बहुतेक जण तोच विसरतात. प्रोपेलरला लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ब्लोअर लावूनही जुनाच प्रोपेलर ठेवला तर इंजिन ठरलेल्या मर्यादेच्या वर पळते. पिच (प्रोपेलर एका फेरीत जेवढे पुढे सरकायला हवे ते अंतर) एक इंच वाढवला की फेऱ्या साधारण 150 ते 200 ने उतरतात. मात्र पिच भरमसाट वाढवला तर कमी फेऱ्यांवर पूर्ण बूस्ट येतो आणि इंजिन ठोकू लागते. पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्या पुस्तिकेतल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला याव्यात. फेऱ्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर तर हवाच, कारण लाटेवरून उडी बसून प्रोपेलर क्षणभर हवेत आला की भार एकदम शून्य होतो.

प्रश्न : आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. सुपरचार्ज केलेल्या बोटीला ते चालेल का? माझ्या मीटरवर पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचे प्रमाण किती दिसायला हवे? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : नॉकिंगच्या दृष्टीने इथेनॉल मित्रच आहे. त्याचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा असतो आणि वाफ होताना ते हवा अधिक थंड करते. अडचण प्रमाणाची आहे. निव्वळ पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने 14.7 भाग हवा लागते. या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पुरतात. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी बसवलेल्या कार्ब्युरेटरच्या जेटवर इंजिन आठेक टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते, आणि बूस्टखाली लीन चालणे म्हणजे पिस्टनला भोक पडण्याची तयारी. जेट मोठे करावेच लागतील.

मीटरबाबत मात्र एक फसगत नेहमी होते. एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर खरे तर लॅम्डा मोजतो, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा मिळाली ते. मीटर त्याला 14.7 ने गुणून आकडा दाखवतो, टाकीत कोणतेही इंधन असो. पूर्ण बूस्टवर लॅम्डा 0.80 च्या आसपास हवा, आणि पेट्रोलवर बेतलेला मीटर त्या वेळी 11.8 दाखवेल. मिश्रणाचा हिशेब करून कोणी 10.8 आणायला सांगितले, तर त्या मीटरवर ते गरजेपेक्षा फार रिच (पेट्रोल जास्त) होईल. मीटर सरळ लॅम्डावर लावून ठेवला की हा घोळच उरत नाही. सेन्सर एक्झॉस्टमध्ये पाणी मिसळण्याच्या आधी बसवावा. ओला झाला की तो दगावतो.

पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, बोटीची टाकी मोकळ्या नळीने हवेशी जोडलेली असते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पंपाची नळी नेमकी तिथूनच ओढते. जून ते सप्टेंबर बोट उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी, पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा आणि जुन्या रबरी नळ्या बदलून टाकाव्यात.

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टर्बो फुकटच्या धुरावर चालतो, तरी वेगवान बोटींत सुपरचार्जर का दिसतो? (एक विद्यार्थिनी, माटे चौक)

उत्तर : धूर फुकट असला तरी उष्णता फुकट नसते. बोटीचे इंजिन बंद कप्प्यात असते. लालबुंद टर्बाइन तिथे ठेवायचे तर पाण्याचे आवरण द्यावे लागते, आणि एक्झॉस्टमधले पाणीही टर्बाइन ओलांडल्यावरच मिसळावे लागते. हे सारे करता येते, डिझेल बोटींत सर्रास केलेही जाते. पण पट्ट्यावर किंवा गिअरवर चालणारा ब्लोअर थ्रॉटल उघडताच दाब देतो, आणि बोटीला पाण्यावर उचलून धरण्यासाठी नेमका तोच क्षण निर्णायक असतो.

परंपराही जुनी आहे. सर हेन्री सीग्रेव्ह यांनी 1930 मध्ये विंडरमिअर सरोवरावर ताशी 98.76 मैलांचा विक्रम केला, तेव्हा त्यांच्या ‘मिस इंग्लंड 2’ मध्ये रोल्स-रॉइसची दोन सुपरचार्ज केलेली ‘आर’ विमान-इंजिने होती; त्याच दिवशी बोट उलटून त्यांचा मृत्यू झाला. गार वूड यांनी 1932 मध्ये चार सुपरचार्ज केलेल्या पॅकार्ड इंजिनांवर 124.86 मैल गाठले. आपण अभ्यासासाठी तुलना करणार असाल, तर ती रोल्स-रॉइसची विमान-इंजिने सेंट्रिफ्यूगल (वेगाने फिरणाऱ्या पात्याने हवा बाहेर फेकून दाबणाऱ्या) सुपरचार्जरची होती, रूट्सची नव्हती, हे ध्यानात ठेवावे. सेंट्रिफ्यूगलचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे खालच्या फेऱ्यांवर तो जवळपास नसल्यासारखाच असतो.

प्रश्न : आमच्या सुपरचार्ज केलेल्या जेट-स्कीची ओढ अचानक कमी झाली आहे, आवाज मात्र ठीक आहे. रामटेकजवळ खिंडसीला हंगामात ती चालवण्याचा विचार आहे. (एक वाचक, कामठी)

उत्तर : प्रथम सुपरचार्जरचा क्लच तपासावा. या छोट्या सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचे पाते मिनिटाला 40,000 फेऱ्यांच्या वर जाते, आणि थ्रॉटल एकदम सोडल्यावर गिअरला बसणारा झटका शोषण्यासाठी आत घसरणारा क्लच असतो. त्याच्या चकत्या झिजल्या की पाते मागे पडते आणि बूस्ट येत नाही. काही जुन्या मॉडेलांत या चकत्या सिरॅमिकच्या होत्या. त्या फुटल्या तर तुकडे तेलातून थेट इंजिनात जातात. तेव्हा आधी तेल गाळून पाहावे, आणि कण सापडले तर इंजिन पुन्हा चालूही करू नये. पाण्यात उतरवण्यापूर्वी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार नोंदणी आणि तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्यावी.

प्रश्न : बोटीच्या इंजिनाला मोटारीचा स्टार्टर आणि अल्टरनेटर लावला तर? निम्म्या किमतीत मिळतो. (एक वाचक, इतवारी)

उत्तर : लावू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते, आणि मोटारीच्या स्टार्टरमधली ठिणगी झाकलेली नसते. बोटीसाठीचे स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी बाहेर जाणार नाही अशा बांधणीचे असतात. किंमत त्या बांधणीची आहे. त्यातही इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाचा पंखा किमान चार मिनिटे चालवावा आणि झाकण उघडून एकदा वास घ्यावा.