समा, नदीकाठ, तळमजला : साप-मगरींची भीती किती धरायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो : बदली होऊन पुण्याहून बडोद्याला आलात, समा भागात विश्वामित्रीच्या अंगाला तळमजल्यावर भाड्याचं घर आहे. परवा बाथरूममध्ये पट्ट्यांचा साप निघाला, वॉचमनने काठीने मारला आणि 'काळोतरो छे', म्हणजे विषारी मण्यार आहे, असं जाहीर केलं. शेजारच्या बेननी 'चोमासामां (पावसाळ्यात) मगर पार्किंगपर्यंत येतात' असं सांगून उरलीसुरली झोप उडवली. मुलगा सात वर्षांचा, त्याला मात्र मगर बघायचीच आहे. घर सोडावं का, असं विचारलंय.

सोडू नका. पण ज्याला घाबरायचं ते तुम्ही चुकीचं निवडलंय, एवढं नक्की.

मी कोणी शास्त्रज्ञ नाही. जन्म दांडिया बाजारातला, संसार कारेलीबागेत, आणि नोकरीतून सुटल्यावर रात्री-अपरात्री साप पकडायला जाणाऱ्या पोरांच्या मागे टॉर्च धरून फिरणं हा माझा उद्योग. त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगतो.

आधी तुमचा साप. सुपलीतला फोटो पाहिला. रंग तपकिरी, अंगावर पिवळट पट्टे, पहिला पट्टा अगदी मानेला चिकटून, आणि शेपटीकडे पट्टे पुसट होत होत नाहीसे झालेले. डोकं चपटं, मानेपेक्षा रुंद. हा कवड्या. बिनविषारी. भिंतीवर सरसर चढतो, पाली खातो. तुमच्या बाथरूमच्या दिव्यापाशी पाली जमतात म्हणून तो आला. मण्यार, म्हणजे इथला काळोतरो, वेगळी दिसते. काळीभोर, निळसर झाक असलेली चकचकीत कातडी, पांढऱ्या बारीक रेषा बहुतेक जोडीजोडीने, आणि मोठ्या मण्यारीत त्या रेषा मानेपाशी नसतातच, डोक्यापासून बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. पाठीच्या मध्यावर षटकोनी मोठ्या खवल्यांची एक रांग असते, पण ती पाहायला जवळ जावं लागतं, तेव्हा तो नाद सोडा. पिल्लांमध्ये हे पट्ट्यांचं गणितही बिघडतं. म्हणून नियम एकच : लांबून फोटो काढा, दार लावा, फटीत ओलं फडकं कोंबा आणि फोन करा.

बडोद्यात निम्मी भीती नावांच्या घोळातून येते, हे माझं जुनं मत. आपण घरात मराठी, गेटवर गुजराती. पाहुणे आले की मजा. गुजरातीत 'घो' म्हणजे घोरपड. आपल्या कानाला ती घोणस ऐकू येते. माझ्या मावशीने एकदा 'बागेत घो आहे' एवढं ऐकून सगळ्या वाड्याला वरच्या मजल्यावर नेऊन बसवलं होतं, आणि खाली बिचारी घोरपड गांडुळं उकरत होती. उलट इथे घोणसीला 'खडचितळो' म्हणतात. ते ऐकून नागपूरच्या जावयाला चितळ, म्हणजे हरीण वाटलं, आणि तो बघायला निघाला. हसण्यावारी नेऊ नका, दुसरा प्रकार खरंच जिवावरचा आहे.

घोरपडीबद्दल आणखी एक. तिच्या ठिपक्या-ठिपक्यांच्या पिल्लाला 'चंदन घो' म्हणतात आणि ती चावली तर माणूस पाणी मागत नाही, असं तुम्हाला इथले दहापैकी नऊजण सांगतील. आपल्याकडे गावातही ही समजूत आहेच. चंदन घो नावाचा वेगळा प्राणीच नाही. ते घोरपडीचं पोर असतं, विषाने माणूस मारत नाही. पकडायला गेलात तर नखांनी आणि दातांनी सोलून काढेल, ते वेगळं.

आता ज्यांची नावं घरातल्या प्रत्येकाला पाठ हवीत ते चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. फुरसं हे कोरड्या, खडकाळ, झुडपी जागेतलं. नदीकाठच्या गाळमातीत तुम्हाला सहसा भेटणार नाही. नाग मात्र शहरभर. उंदीर आणि बेडूक जिथे, तिथे नाग. तो निदान फणा काढून सांगतो तरी. घोणसही सांगते : कुकरची शिट्टी सुटण्याआधी वाफ जशी एकसारखी फुसफुसते, तसा आवाज. जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा. तिला लोक अजगराचं पिल्लू समजून हात लावतात. आणि डुरक्या घोणसाला, जो मातीत राहणारा गरीब बिनविषारी साप आहे, घोणस समजून मारतात. पुन्हा नावंच.

मण्यार काहीच सांगत नाही. मला खरी भीती तिचीच वाटते. ती रात्री फिरते, दुसरे साप, पाली, उंदीर खाते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापाशी येते. तिचे दात बारीक. चावल्यावर अनेकदा दुखत नाही, सूज नाही, रक्त नाही. माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे म्हणतात रात्रीचं बाहेरचं खाणं बाधलं. मग पापण्या जड होतात, जीभ बोबडी वळते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात. आमच्या ओळखीत एका घरी असंच झालं. मुलाला दोन तास पित्ताची गोळी आणि ओव्याचं पाणी दिलं गेलं. कोणाचं तरी लक्ष त्याच्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांकडे गेलं आणि धावाधाव झाली. वाचला, पण बरेच दिवस कृत्रिम श्वासावर होता.

तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर गादी टाकून झोपू नका. पलंग भिंतीपासून वीतभर लांब, मच्छरदाणी लावलेली आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या. मच्छरदाणी हे मण्यारीवरचं सर्वांत स्वस्त औषध आहे आणि आपल्या लोकांना त्याचीच लाज वाटते. रात्री बाथरूमला उठताना आधी दिवा, मग पाय. बाहेर ठेवलेली चप्पल झटकून घाला. दाराखालची फट बोटभर असेल तर रबरी पट्टी मारून घ्या, बाथरूमच्या मोरीला बारीक जाळी बसवा. फिनेल शिंपडणं, गंधकाची रेघ ओढणं, लसूण टांगणं यांनी साप थांबत नाही, पैसे वाया.

चावलंच तर : आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. हात किंवा पाय हलवायचा नाही, फळकुटाला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी-बांगड्या काढायच्या, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे आपल्या सयाजी रुग्णालयात. प्रतिविष चारही सापांवर चालणारं एकच असतं, त्यामुळे साप पकडून नेण्यात वेळ घालवू नये. शेजारपाजारचं कोणी 'आधी भुवाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, नेऊ' म्हणालं तर त्यांना हात जोडा आणि गाडी चालू करा.

आता मगर.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, बडोद्याच्या पोटातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. तिचे काठ उभे, मऊ गाळमातीचे, आणि दोन्ही बाजूंनी 'कोतरं', म्हणजे आपल्या भाषेत घळी. मगरीला बीळ करायला यापेक्षा चांगली जागा नाही. खायला मासे, कासवं, डुकरं, कुत्री आणि आपण टाकलेली घाण. शहराच्या मधोमध इतक्या मगरी राखून असलेली नदी जगात शोधावी लागेल. २०२५ च्या फेब्रुवारीत, नदीचं पात्र खोल-रुंद करण्याचं काम सुरू होण्याआधी मोजणी झाली, तेव्हा आकडा चारशेच्या वर गेला. इथलेच सरीसृपतज्ज्ञ राजू व्यास यांनी या मगरींच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्यात. आणि हो, आपल्यातले काहीजण तिला सुसर म्हणतात. लांब चिंचोळ्या तोंडाची सुसर विश्वामित्रीत नाही. इथे आहे ती रुंद तोंडाची मगर, तीच.

पार्किंगमध्ये येते हे बेन खरं सांगतात. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आली. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस नदीने धोक्याची खूण ओलांडून पस्तीस फुटांची पातळीही पार केली, तेव्हाही आल्या. शहरातल्याच अकोटा भागात तर एक घराच्या छपरावर बसलेली सगळ्या देशाने पाहिली. पण त्या कोणाला खायला आलेल्या नसतात. नदीला लोंढा आला की मगरीला प्रवाहात टिकता येत नाही, मग ती संथ पाणी शोधत बाहेर पडते. ते संथ पाणी म्हणजे तुमची सोसायटी. पाणी ओसरलं की बिचारी गाडीखाली अडकते. तेव्हा पूर आला की, पाणी घोट्याएवढं असो की गुडघ्याएवढं, गढूळ पाण्यात मुलाला उतरू द्यायचं नाही, कुत्र्याला फिरवायला न्यायचं नाही. आजवा सरोवरातून पाणी सोडल्याची बातमी आली की त्या दिवसापासून हे लागू. मगर दिसली तर वनखात्याला कळवायचं. दोरी टाकून सेल्फी काढणारे वीर दर पावसाळ्यात निघतात, त्यांच्यापासूनही लांब राहायचं.

एरवी मगरीने माणसाला धरल्याच्या घटना घडतात त्या पाण्याच्या काठावर. कपडे धुताना, मासे पकडताना, गुरं पाजताना, उथळ वाटेने नदी ओलांडताना. जिल्ह्यात माणसं दगावलीही आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं निघेपर्यंत राखण करते. तेव्हा ती जवळ येऊ देत नाही. सोसायटीच्या मागची भिंत मोडली असेल तर ती बांधून घ्या, आणि भिंतीपलीकडे मटणाचा, लग्नाच्या जेवणाचा कचरा टाकणं बंद करा. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे. आमच्या सोसायटीत त्यासाठी तीन मीटिंगा झाल्या आणि एक भांडण.

तिकडे चरोतरात, आणंद-खेडा जिल्ह्यांकडे, मलातज आणि देवा या गावांची तळी बघून या. मलातजला तळ्याकाठी खोडियार मातेचं देऊळ आहे, मगर तिचं वाहन. माणसं त्याच तळ्यावर वावरतात ज्यात मगरी आहेत, आणि मगर दिसली म्हणून गावात आरडाओरडा होत नाही.

मुलाला मगर दाखवायची तर डिसेंबर-जानेवारीत, सकाळी नऊ-दहाला, कमाटीबागेतल्या (सयाजीबागेतल्या) पुलावर न्या. खाली चिखलाच्या काठावर उन्हाला पडलेल्या असतात. पहिल्यांदा ओंडका वाटेल. मग ओंडका जबडा उघडेल आणि तसाच उघडा ठेवून पडून राहील. मुलगा विचारेल की तिला भूक लागलीय का. त्याला सांगा, अंग फार तापू नये म्हणून ती तशी बसते. मगरीच्या अंड्यातून मुलगा निघणार की मुलगी, हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं, हेही सांगा. माझ्या नातवाला मगरीपेक्षा हीच गोष्ट जास्त आवडली.

बेडूक-कासवांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तळमजल्याचा खरा फायदा तोच. फ्लशच्या टाकीत किंवा गीझरमागे फिकट तपकिरी, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला बेडूक चिकटलेला दिसेल. तो झाडबेडूक, त्याला राहू द्या, डास-झुरळं खातो. पावसात रस्ता ओलांडणारं कासव दिसलं तर ज्या दिशेने चाललंय त्याच बाजूला सोडा. 'वास्तूला चांगलं' म्हणून ते काचेच्या पेटीत ठेवणारे इथे कमी नाहीत. तो गुन्हा आहे, आणि कासव मरतं. मांडूळ सापडलं तर 'दोन तोंडांचा साप, लाखोंची किंमत' सांगणारे फोन लगेच सुरू होतात, तोही गुन्हाच. सापाच्या बाबतीतही हेच, म्हणून तुमच्या वॉचमनदादाला काठीऐवजी वनखात्याचा नंबर लिहून भिंतीवर चिकटवून द्या. मारलेला कवड्या बिचारा पाली खायला आला होता.

आणि पहिला मोठा पाऊस पडला की त्याच रात्री मागच्या पटांगणात जाऊन ऐका, अर्थात पायात बूट आणि हातात टॉर्च घेऊन. एरवी शेवाळी-तपकिरी दिसणारे मोठे बेडूक त्या दिवसांत हळदीसारखे पिवळेधमक झालेले असतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि डबक्यात नुसता दंगा. हा रंग थोडेच दिवस टिकतो. यंदा पाऊस लागला की मला इथे कळवा. दुर्बीण आणि चांगला टॉर्च माझ्याकडे आहे, मुलाला घेऊन कारेलीबागेत या, आमच्या मागचं मैदान बेडकांसाठी तुमच्यापेक्षा बरं आहे.