धुऱ्यावर उभं राहून पाहतंय कोण?

कथालेखनाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (दारव्हा तालुका) : माझ्या कथेत सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी) ‘मी’ म्हणून सगळं सांगतो. मधे मालक-मालकीण रात्री घरात वावर विकायची बोलणी करतात, असा प्रसंग आहे. ‘दृष्टिकोन सुटला’ एवढाच शेरा मारून कथा परत आली. चुकलं काय?

उत्तर : दृष्टिकोन म्हणजे गोष्ट कोणाच्या नजरेने दिसते ते. ती बोलणी चालू असताना तुमचा सालदार गोठ्यात झोपलेला आहे. मग त्याला ऐकू आली कुठून? ‘मी’ सांगतो तेव्हा त्याने पाहिलं, ऐकलं, ताडलं एवढंच कागदावर येऊ शकतं. इथे त्याला गप्प करून लेखकच बोलू लागला.

कडबा टाकायला उठवून त्याला खिडकीखाली आणता येईल, पण ही युक्ती एका कथेत एकदाच खपते. ‘हे मला मागाहून कळलं’ असंही चालतं, मात्र त्यासाठी तो बऱ्याच वर्षांनी सांगतोय हे पहिल्या परिच्छेदापासून दिसायला हवं. शिवाय पुढचं आधीच कळल्याने ताण ओसरतो.

आम्ही सुचवू ते वेगळंच. तो प्रसंग काढून टाका. सकाळी मालक पेटीतून सातबारा काढतो, दुपारी अनोळखी माणूस मोटारसायकल धुऱ्यावर (बांधावर) लावून वावर न्याहाळतो, मालकीणबाई डब्यात रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त घालते. सालदार यावरून अंदाज बांधतो आणि तो थोडा चुकतो. त्याला वाटतं, आपल्याला काढणार आहेत. वाचकाला वावर जाणार हे त्याच्याआधी कळतं. कथा या फटीत आहे, बोलण्यांत नाही.

प्रश्न (वणी) : तृतीयपुरुषी निवेदनात सगळ्यांच्या मनात शिरता येतं ना? दोन भावांच्या धुऱ्याच्या भांडणावर लिहितो आहे.

उत्तर : येतं, पण ती मुभा पहिल्या पानावरच घ्यावी लागते. चार पानं थोरल्याच्या मनात राहून पाचव्यावर एकाच ओळीपुरतं मोजणीदाराच्या डोक्यात डोकावलं, तर वाचक अडखळतो. हा परिच्छेद पाहा :

‘महादेव धुऱ्यावर आला. त्याचे डोळे लालबुंद झाले होते. नामदेवने काठी उचललेली त्याला दिसली. नामदेवला मारायचं नव्हतं, नुसता धाक दाखवायचा होता.’

आपण महादेवसोबत आहोत. त्याला स्वतःचे लाल डोळे दिसणार नाहीत आणि भावाच्या मनातलंही कळणार नाही. म्हणून : ‘महादेव धुऱ्यावर आला. डोळ्यांची आग होत होती. नामदेवने काठी उचलली. पण उगारली नाही, तशीच मातीत टेकवली.’ धाक आता काठीतून कळतो.

तपासायची सोपी रीत : परिच्छेदातल्या ‘तो’च्या जागी ‘मी’ घालून मोठ्याने वाचा. ‘माझे डोळे लालबुंद झाले होते’ हे लगेच खटकेल. मग ‘वाटलं, आठवलं, जाणवलं’ या क्रियापदांखाली रेघ मारा. ती एकाच माणसाची असायला हवीत. ‘आला’ आणि ‘गेला’ही तपासा. ‘नामदेव घरात आला’ म्हटलं की पाहणारा घरात असतो, ‘घरात गेला’ म्हटलं की बाहेर. हे बहुतेकांच्या हातून निसटतं. नात्यांचंही तसंच. महादेवच्या बाजूने लिहिताना नामदेवची बायको ‘नामदेवची बायको’ राहील, पोरांच्या बाजूने ती ‘काकू’ होईल. मधेच ‘सुनंदाबाई’ आली, तर ती कोणाच्या तोंडची?

आणि दर वेळी ‘असं त्याला वाटलं’ लिहायची गरज नाही. ‘मोजणी उद्या. दगड सरकला तर? चार ओळी पऱ्हाटी जाणार.’ एवढ्यावर मन कोणाचं ते कळतं.

दोन-अडीच हजार शब्दांच्या कथेत एकच दृष्टिकोन बरा. दोन्ही भावांचे हवेच असतील, तर मधे एक ओळ कोरी सोडा आणि नव्या भागाच्या पहिल्याच वाक्यात माणूस बदलल्याचं कळू द्या. तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून सांगू नका. थोरल्याला जिथून दिसेनासं झालं, तिथून धाकट्याचं सुरू करा.

प्रश्न (आर्णी) : निवेदन वऱ्हाडीत करावं की प्रमाण मराठीत?

उत्तर : निवेदक कोण यावर ते ठरतं. बाहेरून सांगणारा असेल, तर निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ही चालत आलेली रीत आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधल्या (१९६०) माणसांचं बोलणं वऱ्हाडीच आहे. पण वऱ्हाडी माणूसच ‘मी’ असेल, तर अख्खं निवेदन त्याचं हवं. एका ओळीत ‘मले’, पुढच्या ओळीत ‘मला’ आलं की निवेदक दोन होतात. ‘मले, तुले, हाये, काऊन, डोये’ अशी वीसेक रूपांची यादी आधी करून ठेवा. आणि माणूस भंडारा-गडचिरोलीकडचा असेल, तर त्याला वऱ्हाडी बोलायला लावू नका. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, वऱ्हाडीसारखा ‘य’ नाही.

प्रश्न (पुसद) : बैलाच्या तोंडून कथा चालेल का?

उत्तर : चालेल. (पोळ्याच्या सुमारास अशा दोन-तीन तरी येतातच.) पण बैलाला कर्ज, व्याज, हमीभाव कळत नाही. त्याला वेसणीची ओढ कळते, जुवाखालचा खांदा कळतो, पाणी दाखवणारा हात बदलला हे कळतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकतात तेव्हा हळद-तुपाचा वास येतो, हे तो सांगेल. सण कोणता ते नाही. तो कापसाच्या भावावर बोलू लागला की ते भाषण तुमचं. ते खोडा.