माशांच्या जिऱ्याला पेंड कधीपासून घालायची?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण असंच नुकसान मी पहिल्या वर्षी सोसलंय. तुम्ही लिहिलंय, हातकणंगले तालुक्यात वीस गुंठ्यांचं प्लास्टिक घातलेलं शेततळं, बोअरचं पाणी, रोहू-कटल्याचं दोन लाख जिरं (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं), रोज पाच किलो शेंगपेंड आणि कोंडा, आणि सहाव्या दिवशी तळ्यात चिडीचूप. वर खाद्य विकणारे म्हणतात, पेंडीनंच मेलं, पहिले तीन महिने फिश मीलचंच (माशांच्या पुडीचं) खाद्य घाला, पेंडीवर नंतर आणा. हे खरं का, असं तुम्ही विचारता.

माझ्या मते ते पेंडीनं मेलं नाही. उपाशी मेलं, आणि न खाल्लेल्या पेंडीनं पाणी नासलं.

अंड्यातून निघालेल्या जिऱ्याच्या पोटाशी बलकाची पिशवी असते. ती शिदोरी तीनेक दिवस पुरते. विकत घेतलेलं जिरं तुमच्या हातात येतं तेव्हा ती शिदोरी संपत आलेली असते, तोंड नुकतं उघडलेलं असतं आणि अंग सहा-सात मिलिमीटरचं. रोहू-कटल्याला जठर नसतंच, नुसतं आतडं, आणि या वयात तेही आखूड. अशा जिवाला पाण्यात हलणारा, तोंडात मावणारा मऊ घास लागतो. आधी रोटिफर, मग मोइना-डाफ्नियासारखे बारीक जीव. हिशोबानंही बघा. जिऱ्याला खाद्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. शेंगपेंडीत चाळीस-पंचेचाळीस असतात, कोंड्यात बारा-तेरा. निम्मं-निम्मं मिसळलं की सत्तावीस-अठ्ठावीसवर येतं. राहिलेली तूट पाण्यातले जीव भरून काढतात. तुमच्या तळ्यात माती नाही, आणि तळ दिसेल इतकं पाणी स्वच्छ होतं असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे ताट वाढलेलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला वीस गुंठे एकदम वापरू नका. चार-पाच गुंठ्यांचा वेगळा खड्डा करा. गुंठ्याला तीस ते पन्नास हजार जिरं चालतं, म्हणजे दोन लाख त्यात बसेल. गुंठ्यामागे साडेसात किलो शेंगपेंड, दोन किलो शेण आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट असं धरा. त्यातला निम्मा भाग रात्रभर भिजवून, पातळ करून, जिरं सोडायच्या दोन-तीन दिवस आधी पसरा. उरलेला पाण्याचा रंग बघत थोडा थोडा द्या. मी शेजारच्या जुन्या मातीच्या तळ्यातलं पाणी बारीक कापडानं गाळून त्यातले जीव विरजणासारखे नव्या पाण्यात सोडते. प्लास्टिकच्या तळ्यात याचा फार उपयोग होतो. पन्नास लिटर पाणी गाळून खाली एक-दोन मिलिलिटर साका बसला, तर जिऱ्याला घास आहे असं समजा. जिरं सोडायच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, गुंठ्याला अर्धा किलो खाद्यतेल आणि पावणेदोनशे ग्रॅम साधा साबण एकत्र घोटून पाण्यावर पसरा, म्हणजे जिरं खाणारे पाणकिडे मरतात. हे टाळू नका.

आता पेंड. लाख जिऱ्याला पहिले पाच दिवस रोज सहाशे ग्रॅम, पुढचे दहा दिवस बाराशे, दोन वेळांत विभागून. तुमच्या दोन लाखाला सव्वा किलो पुरला असता, पाच पडत होते. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा, आणि पिठाच्या चाळणीतून गाळलेला. भरडा नको.

तुमचा खरा प्रश्न मात्र पुढचा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी फक्त फिश मील आणि तीन महिन्यांनी पेंड, हा क्रम मी धरणार नाही. पेंडीची चव पहिल्या आठवड्यातच, पाण्यातल्या जिवांच्या जोडीनं लागली पाहिजे. बाळाचं उष्टावण सहाव्या महिन्यात होतं, जिऱ्याचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. फ्रान्समध्ये रेनबो ट्राउटवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या घासापासून तीनच आठवडे वनस्पतिजन्य खाद्य मिळालेली पिल्लं नंतर सात महिने नेहमीच्या फिश मीलच्या खाद्यावर वाढवली. मग त्यांना आणि सुरुवातीपासून फिश मीलवरच वाढलेल्यांना, सगळ्यांनाच वनस्पतिजन्य खाद्यावर आणलं, तेव्हा लहानपणी ते चाखलेल्यांनी तीस टक्के जास्त खाल्लं आणि त्यांच्या वाढीचा वेग बेचाळीस टक्के जास्त निघाला. ट्राउट थंड पाण्यातला मांसाहारी मासा, त्याचे आकडे रोहूला चिकटवू नका. पण आमच्या शिरोळच्या क्षारपड रानातल्या तळ्यात मी त्याच दिशेचं पाहिलंय. एका वर्षी गोळी खाद्यावर वाढलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणली. पेंडीची भोकाची पोती बांबूला बांधली, तर आठ-दहा दिवस ती फिरकेना. घरी पेंडीवर वाढवलेली बोटुकली त्याच तळ्यात पहिल्याच दिवशी पोत्याला डुचकत होती.

फिश मील वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यातली अमिनो आम्लं समतोल असतात. शेंगपेंडीत लायसीन आणि मेथिओनिन दोन्ही कमी. सोयाबीनमध्ये लायसीन भरपूर, मेथिओनिन तिथंही कमी. म्हणून जिरं इंचभर झालं, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी, की मी थोडी शेंगपेंड काढून सोया घालते, दहा किलोत एक किलो सुकटीची पूड आणि एक टक्का खनिज मिश्रण. धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो, माशाला तो मिळत नाही, म्हणून खनिजं हवीतच. बोटुकली चार बोटांची झाली की सुकट कमी करत आणते.

घरचं सोयाबीन कच्चं दळून घालू नका. मी घातलं होतं. महिनाभर मासे खात होते आणि तसेच राहिले. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं नीट पचू देत नाही, उष्णतेनं तो निकामी होतो. रात्रभर भिजवा, सकाळी अर्धा तास उकळा, वाळवून दळा. कारखान्यातली सोयापेंड तापवलेली असते, ती चालते. म्हशीची सरकी पेंड गोठ्यातच राहू द्या, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य पिल्लांना बाधतं.

शेंगपेंडीचं एक सांगायचंच आहे. जुलै-ऑगस्टच्या आपल्या झडीत पोतं ओल धरतं आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते उन्हात वाळवून जात नाही, उकळूनही जात नाही. हिरवट-पिवळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर ते पोतं तळ्यात नको, जनावरालाही नको. पावसात मी पंधरा दिवसांपुरतीच पेंड आणते आणि फळीवर, भिंतीपासून लांब ठेवते.

खड्डा भरून खत घातलंत की तिसऱ्या दिवशी पन्नास लिटर पाणी गाळा आणि साका किती बसला ते लिहा. त्यावर जिरं कधी आणायचं ते ठरवू. तोवर आगाऊ पैसे देऊ नका.