एकदा संपवलेली व्हिडिओ गेम परत खेळताना पहिल्यासारखीच मजा येते का?

तुम्ही निपाणीहून विचारलंय, की जुन्या लॅपटॉपवर व्हाईस सिटी परत टाकली, तिसऱ्या-चौथ्या मिशनलाच जांभया यायला लागल्या, मग गेमची मजा एकदाचीच असते का. वर "संपलेली गेम म्हणजे शिळा पेपर, असं म्हणतात" हेही जोडलंय. हे वाक्य बेळगावात चहाच्या गाड्यावर मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर द्यायला बसलोच.

सरळ उत्तर: तीच मजा येत नाही. काही गेम्समध्ये कमी येते, काहींत जास्त येते, काहींत शून्य. गेम भारी की टुकार यावर ते नसतं. पहिल्या खेपेला त्या गेममधलं काय खर्च झालं, यावर असतं. गोष्ट किंवा गुपित खर्च झालं तर परत हाताला काही लागत नाही. पण हाताची सफाई आणि रस्त्यांची माहिती खर्च होत नाही, साठत जाते. सगळ्या गेम्सना एकाच दोरीनं बांधून "शिळा पेपर" म्हणणारे हा फरकच करत नाहीत.

त्यांना मी एकच विचारतो: १९८९ ची प्रिन्स ऑफ पर्शिया पहिल्या खेपेत कुणी संपवली?

दुष्ट जाफरच्या कैदेतल्या राजकन्येला सोडवायची ही गेम. लेव्हल्स १२, वेळ सगळ्यांना मिळून ६० मिनिटं. म्हणजे एका लेव्हलला सरासरी ५ मिनिटं. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण घड्याळ मागं जात नाही. गेलेली मिनिटं गेलीच. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी दाबून सेव्ह करता येतं, पण सेव्हमध्ये उरलेली मिनिटंही तितकीच राहतात. नवव्या लेव्हलला ६ मिनिटं उरलेली असताना केलेलं सेव्ह काय कामाचं? त्यावरून सुटका नाही, मागंच जायला पाहिजे. म्हणजे जॉर्डन मेकनरनं ही गेम बांधलीच अशी, की पहिली खेप ही फक्त पाहणी. खरी गेम दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून सुरू होते.

पहिल्या खेपेला वेळ कुठं जातो ते बघा. तलवार न घेता पहारेकऱ्यापुढं गेलात की एका घावात खलास. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा तलवारीनं मरतच नाही. त्याला वार करत करत कडेला नेऊन खाली ढकलायचा असतो. हे माहीत नसलेला माणूस तिथं दहा मिनिटं खटाखट तलवार चालवत बसतो. चौथीत दरवाजा उघडून परत येताना वाटेत आरसा उभा. त्यातून पळत येऊन उडी मारायची. आपली सावली पलीकडून बाहेर पडते आणि आपल्याकडं एकच जीव शिल्लक राहतो. पाचवीत ती सावली तुमच्या डोळ्यांदेखत मोठी बाटली पिऊन जाते. नवीन माणूस ती बाटली गाठायला तीन-तीनदा लेव्हल परत सुरू करतो. गाठता येत नाहीच, ते तसंच लिहिलंय. सहावीच्या शेवटी ती सावली फाटक पाडते आणि तुम्ही खाली कोसळता. नवख्याला वाटतं मेलो. मेलेला नसतो, पडता पडताच सातवी सुरू होते. आठवीत फाटकाआड अडकलात की काहीही करायचं नाही, थांबायचं. राजकन्येचा उंदीर येऊन कळ दाबतो. आणि बारावीत सावली तलवार घेऊन समोर येते, तिला मारलं तर तुम्हालाच लागतं. खालची कळ दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. दोघं एक होतात. मग पुढं जिथं जमीन दिसत नाही तिथं बेधडक पळायचं, पायाखाली फरशा उमटत जातात.

आता सांगा, हे सगळं पहिल्यांदा कळताना मजा येते की माहीत असताना? मला विचाराल तर दोन्ही वेळा, पण वेगवेगळी. पहिल्यांदा कळतं तेव्हा चकित होता, पण हाताशी ३ मिनिटं उरलेली असतात आणि तोंडातून शिवी येते. माहीत असताना सावलीपुढं तलवार म्यान करताना जो रुबाब वाटतो, तो पहिल्या खेपेत मिळत नाही. संगीत नाटकातल्या पदाला वन्समोअर कोण देतो? ज्याला पद पाठ आहे तो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं हे आपल्याला तरी कुणी वेगळं सांगायला नको.

परत खेळायचीच असेल तर नीट खेळा. स्पेसबार दाबला की उरलेली मिनिटं दिसतात. एका कागदावर प्रत्येक लेव्हलमध्ये शिरतानाची मिनिटं लिहून ठेवा. माझं गणित असं: चौथीत शिरताना ५० च्या वर, सातवीत ३७-३८, दहावीत २२-२३, बारावीत किमान १२. कुठं घसरलं ते कागदावर लगेच दिसतं. बहुतेकांची मिनिटं लढाईत कमी जातात आणि पडण्यात जास्त. एक मजला पडलं तर काही होत नाही, दोन मजल्यांना एक जीव जातो, तीन मजल्यांना मरण. पडताना शिफ्ट धरलं तर कड हाताला लागू शकते. करवतीसारख्या उघडझाप करणाऱ्या पात्यांपुढं शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकत अगदी कडेला जायचं, पातं उघडलं की निघायचं. पळत येऊन अंदाजानं घुसणारे तिथंच दोन तुकडे होऊन पडतात. लढताना वरची कळ अडवायला, शिफ्ट मारायला. आधी अडवा, मग मारा, उलटं नको.

सेव्हची फाईल एकच असते, प्रिन्स डॉट सॅव्ह. नवीन सेव्ह जुन्यावर बसतं. चांगली मिनिटं राखून एखाद्या लेव्हलला पोचलात तर ती फाईल दुसऱ्या फोल्डरात कॉपी करून ठेवा. खानापूरच्या बाजूला असाल आणि आषाढ चालू असेल, तर प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीला कंट्रोल-जी दाबाच, लाईटचा भरवसा नसतो. सेव्ह लेव्हलच्या सुरुवातीचंच होतं, मधलं होत नाही. आता एसडीएल-पॉप म्हणून नव्या कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती फुकट मिळते, त्यात एफ-६ नं कुठंही सेव्ह आणि एफ-९ नं परत. अवघड उडीचा सराव करायला ते वापरा, पण खरी खेप त्याच्याशिवाय खेळा.

आता शिळ्या पेपरवाल्यांकडं येतो. हे वाक्य आमच्याकडं ज्यांच्या तोंडी पहिल्यांदा आलं, ते टिळकवाडीतले गृहस्थ "मी प्रिन्स पहिल्या दमात संपवली, परत बघितली नाही" असं अजून छाती काढून सांगतात. कशी संपवली वो? गेम सुरू करतानाच "प्रिन्स मेगाहिट" टाईप करून. त्यात शिफ्ट-एल दाबलं की पुढची लेव्हल, के दाबलं की समोरचा पहारेकरी आपोआप आडवा, शिफ्ट-टी नं जीव वाढतो आणि अधिकच्या चिन्हानं मिनिटंही वाढतात. मेगाहिटशिवाय शिफ्ट-एल चालतं, पण ते चौथ्या लेव्हलपर्यंतच, आणि हातात फक्त १५ मिनिटं ठेवतं. त्यांची गोष्ट १५ मिनिटांच्या हिशोबातही बसत नाही, म्हणजे मेगाहिटच. अशा माणसाला दुसऱ्या खेपेत मजा कुठून येणार? त्यांची पहिलीच खेप झालेली नाही.

हाच हिशोब बाकीच्या जुन्या गेम्सनाही. कॉन्ट्रा बहुतेकांनी वर-वर-खाली-खाली करून ३० जीव घेऊन संपवली. आता ३ जीवांत खेळा, वेगळीच गेम लागते. तिसाच्या माजात एल म्हणजे लेझर उचलायची सवय असते. तिच्यात वार हवेत असताना परत बटण दाबलं की आधीचा वार तिथंच विरतो, म्हणजे घाईघाईनं बटण बडवणाऱ्याच्या हातात ती निकामी. ३ जीवांत एस म्हणजे पसरत जाणाऱ्या गोळ्यांची बंदूक सोडून दुसरं उचलू नका. उचलायला चुकून हात गेला तर एस जाते, म्हणून नको असलेल्या अक्षरावरून उडी मारून जायचं. १९८५ ची सुपर मारिओ ३२ लेव्हल्स संपवल्यावर परत सुरू केली तर मशरूमसारख्या गुंबांच्या जागी कठीण पाठीची बझी बीटल्स येतात आणि त्यांच्यावर आगीचा गोळा चालत नाही. पहिल्या खेपेची सवयच तुम्हाला मारते. बनवणाऱ्यांनाही माहीत होतं, लोक परत खेळणार म्हणून.

उलट बाजू. रिटर्न ऑफ द ओब्रा डिनमध्ये ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं. शोधून झालं की झालं, दुसऱ्यांदा खेळणं म्हणजे सोडवलेलं शब्दकोडं परत भरणं. आऊटर वाईल्ड्सचंही तसंच. तिथं चावी म्हणजे तुम्हाला कळलेली माहिती, आणि कळलेलं विसरता येत नाही. असल्या गेम्स परत खेळू नका. धाकट्या भावंडाच्या हातात द्या आणि शेजारी गप्प बसा. गप्प बसणं जमत नसेल तर खोलीतून बाहेर जा.

न्यू गेम प्लस, म्हणजे संपवलेली गेम आधी कमावलेल्या ताकदीसकट परत सुरू करणं, याबद्दल माझं मत वाईट आहे. हे नाव क्रोनो ट्रिगरनं १९९५ मध्ये रुजवलं, आणि तिथं ते शोभतं, कारण वेगवेगळ्या वेळी शेवटच्या शत्रूकडं जाऊन वेगवेगळे शेवट बघता येतात. पण रेसिडेंट ईव्हिल ४ मध्ये जुनी सुधारलेली हत्यारं घेऊन परत सुरुवातीच्या गावात शिरलात तर ती भीती कुठं राहते? तिथं प्रोफेशनल या सगळ्यात अवघड मोडवर रिकाम्या हातानं सुरू करा. नेहमीच्या मोडवर ती गेम आतल्या आत तुमचा खेळ मोजत असते. वारंवार मेलात की गुपचूप सोपी होते. म्हणजे पहिल्यांदा "जमलं" असं वाटलं ते कितपत तुमचं होतं, हा प्रश्नच आहे. प्रोफेशनलमध्ये ही दया नाही.

तुमच्या व्हाईस सिटीचं राहिलंच. तुम्ही गोष्टीच्या मिशन्समागून परत धावताय आणि गोष्ट तुम्हाला पाठ आहे, म्हणून जांभया. या खेपेला शहर आधी, गोष्ट नंतर. पहिली एक-दोन मिशन्स झाली की ॲम्ब्युलन्स उचला आणि पॅरामेडिकच्या १२ लेव्हल्स एका दमात करा. पहिल्या लेव्हलला १ रुग्ण, बाराव्या लेव्हलला १२, एकूण ७८. गाडीत एका वेळी तिघंच बसतात, म्हणून आधी हॉस्पिटलपासून लांबचे उचला, जवळचे शेवटी. दुसरं बेट उघडण्याआधी केलं तर रुग्ण जवळपासच पडतात. गाडी उलटली की सगळं पाण्यात, त्यामुळं वेग वळणापुरता कमी करा. बारा पुऱ्या झाल्या की टॉमी, म्हणजे गेममधले तुम्ही, न थकता पळतो, आणि पुढची सगळी गेम बदलते. मग पिझ्झाच्या १० लेव्हल्स, त्यानं जीव १५० होतो. पोलीस गाडीतून गुन्हेगार टिपायच्या, म्हणजे व्हिजिलँटीच्या १२, त्यानं चिलखत १५०. हे करताना गल्ल्या पाठ होतात आणि लपवलेली १०० पाकिटं वाटेत हाताला लागतात. मग मिशन्सकडं वळा, गोष्ट जुनी असली तरी खेळणारा नवा असेल.

आणि सेटिंगमध्ये फ्रेम लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दाखवायची याला लगाम घालणारी सोय, चालूच ठेवा. तो बंद असला की आजच्या लॅपटॉपवर गाड्या धड मागं जात नाहीत, आणि माणूस म्हणतो गेम पूर्वी बरी होती.

किती दिवसांनी परत खेळावी? गोष्टीची गेम असेल तर पात्रांची नावं विसरेपर्यंत हात लावू नका. हाताची गेम असेल तर संपवल्यापासून आठवड्याच्या आत, बोटं गरम आहेत तोवर. लोक नेमकं उलटं करतात.

हे सगळं शेवट असलेल्या गेम्सबद्दल. मोबाईलवर चौघांनी मिळून गोळीबार करायच्या किंवा क्रिकेट-फुटबॉलच्या गेम्सना पहिली खेप, दुसरी खेप हा प्रकारच नाही. आणि सेलमध्ये घेतलेल्या, एकदाही न उघडलेल्या गेम्सचा ढीग साठवून "परत खेळायला वेळ कुणाला आहे" म्हणणाऱ्यांना मी मोजतच नाही.

टिळकवाडीचे गृहस्थ हे वाचतील याची मला खात्री आहे. मेगाहिटशिवाय, एफ-९ शिवाय, ६० मिनिटांत जाफरला पाडून दाखवा, पाव किलो कुंदा माझ्याकडून. दहा खेपा लागल्या तरी चालतील.