एआय आल्यावर सार्वजनिक ग्रंथालयं नेमकं काय बदलताहेत? आमच्या तालुक्याच्या वाचनालयाने काय करावं?

तुम्ही 'ब' वर्ग वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर नव्याने आला आहात आणि एक सभासद दर बैठकीत 'एआय आणा, नाहीतर वाचनालय बंद पडेल' म्हणून मागे लागले आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मी अशाच एका वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे काउंटरच्या आतून जे दिसतं ते सांगते.

परदेशातलं आधी उरकते. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या 'ओडी' (Oodi) ग्रंथालयात (२०१८मध्ये सुरू झालेलं) परत आलेली पुस्तकं वरच्या मजल्यावर न्यायला चालते यंत्रमानव आहेत. व्हिडिओ बघायला मजा येते, पण आपल्याकडे वरचा मजला म्हणजे अभ्यासिका, आणि लिफ्ट नाही. बघण्यासारखं आहे ते नॉर्वेचं. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००६ पासून आपला सगळा संग्रह स्कॅन करायला घेतला आणि पुढे त्याच मजकुरावर नॉर्वेजियन भाषेची एआय मॉडेलं स्वतः तयार केली. देशाची लोकसंख्या जेमतेम ५५ लाख. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते, एवढंच इथे नोंदवून ठेवते.

आता आपलं. वाचक येतो आणि म्हणतो, 'ते कोकणातल्या म्हातारीचं पुस्तक हवंय, निळ्या कव्हरचं.' असं वर्णनावरून पुस्तक शोधणं एआयला छान जमतं, पण त्यासाठी नोंदीत पुस्तकाच्या आशयाबद्दल काहीतरी असावं लागतं. आपल्या दाखल नोंदवहीत असतं काय? दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. संगणकावर चढवताना तेवढंच चढलं, तेही बऱ्याच ठिकाणी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत). नवीन संगणकावर उघडलं की नुसती गिचमिड दिसते. शिवाय 'कुलकर्णी व. ग.', 'व.ग. कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी वसंत' हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे लेखक. तेव्हा पहिलं काम म्हणजे याद्या युनिकोडमध्ये आणणं आणि लेखकांची नावं एकसारखी करणं. यात मात्र एआय खरंच कामाला येतं. एकाच माणसाची वाटणारी नावं ते पटापट जोड्या लावून समोर ठेवतं. एकत्र करायची की नाही ते माणसाने ठरवायचं, कारण दोन खरे वेगळे कुलकर्णीही असतात. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरसाठी विक्री करणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. कोहा (Koha) हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालयही आहे.

दुसरं, जुने अंक. शंभर वर्षांपूर्वीची मासिकं आणि स्थानिक साप्ताहिकांच्या फायली कपाटात असतील तर तुमच्याकडे गावाबाहेर कुठेही नसलेलं काही असू शकतं. स्कॅन जरूर करा, पण अक्षरओळख (ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलणं) करून घेताना जपून. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचा मजकूर 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' अशा अनुस्वारांचा. साधी ओसीआर प्रणाली चुकते तेव्हा काहीतरी भलतंच छापते, त्यामुळे चूक लगेच दिसते. चॅटबॉटला पानाचा फोटो दिला की तो गुपचूप 'काही', 'नाही' करून टाकतो, आणि वाळवीने खाल्लेल्या जागी शोभेलसा शब्दही बसवतो. वाचायला इतकं सुरळीत लागतं की शंकासुद्धा येत नाही. म्हणून मूळ पानाची प्रतिमा कायम सोबत ठेवायची, आणि अभ्यासकाला तीच दाखवायची.

तिसरं काम आमच्यावर न मागता आलंय: नसलेली पुस्तकं शोधणं. मे २०२५मध्ये शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळी वाचनाची यादी छापून आली. १५ पुस्तकांतली १० अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, नावं एआयने रचलेली. आमच्याकडेही हल्ली प्रकल्पवाली मुलं मोबाइलवर एआयने दिलेले संदर्भ दाखवतात. लेखक ओळखीचा, प्रकाशक पुण्याचा, सालसुद्धा दिलेलं, आणि असं पुस्तक कुठल्याच सूचीत नाही. 'मॅडम, पण त्यात आलंय ना!' मग त्याच विषयावरचं खरं पुस्तक काढून द्यावं लागतं. बहुतेक वेळा मूल ते घेऊन जातं.

एका गोष्टीला मात्र सरळ नाही म्हणा. सभासदांची यादी आणि देवघेवीच्या नोंदी कुठल्याही फुकट चॅटबॉटमध्ये टाकू देऊ नका, 'वाचकांची आवड काढून देतो' असं कुणी कितीही गोड सांगितलं तरी. कोण मधुमेहावरची पुस्तकं नेतंय आणि कोण घटस्फोटाच्या कायद्यावरची, हे आम्हाला माहीत असतं आणि आम्ही बोलत नाही.

त्या सभासदांना बैठकीत ठरावच हवा असेल तर तो यादी युनिकोडमध्ये आणण्याचा मांडा. अनुदानाचा हप्ता यायची वाट बघायची गरज नाही. सुट्टीत कॉलेजची दोन मुलं मानधनावर बसवा आणि त्यांच्याशेजारी तुमचा सगळ्यात जुना कर्मचारी बसवा. निळ्या कव्हरचं पुस्तक कुठलं ते त्याला माहीत असतं, आणि तेच आशयाच्या रकान्यात टाइप करून घ्यायचंय.