प्रार्थना होत नाही, म्हणजे पाचारण संपलं का?

“पास्टरलासुद्धा डिप्रेशन येतं का हो?” हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. कधी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर, आवाज खाली आणून, तर कधी रात्री उशिरा फोनवर. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर बायको. आणि तिला खरं विचारायचं असतं ते वेगळंच: याचा विश्वास कमी पडला का?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून अशीच एक आई मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायला त्याने स्वतः होकार दिलाय.) खुर्चीवर टेकायच्या आधीच ती म्हणाली, “बाय, माझो झील देवाच्या कामात आसा. तेका असा कसा होता? झोप नाय, जेवाक बसता नि उठान जाता. लोक म्हणतत, इश्वास कमी पडलो.”

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, दोन मंडळ्यांचा (चर्चचा) पाळक, म्हणजे पास्टर. मांडीवर चेनवालं बायबल. बऱ्याच वेळाने बोलला. “ताई, दोन महिने झाले, माझी प्रार्थनाच होत नाही. लोकांसाठी करतो ती नुसती तोंडाने. माझं पाचारण खरं होतं का, तेच कळेनासं झालंय.”

पाचारण, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावणं, हा शब्द आमच्या मंडळ्यांमध्ये किती जड आहे, हे मला ठाऊक आहे. माझे वडील मंडळीचे ‘वडील’, म्हणजे कारभार पाहणाऱ्या जाणत्यांपैकी एक होते, मी त्याच बाकांवर वाढले. हा मुलगा सतराव्या वर्षी युवक शिबिरात शेवटच्या रात्री उभा राहिला आणि ‘मी सेवेसाठी तयार आहे’ म्हणाला. लोकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पुढे ईश्वरविज्ञान शिकायला पुण्याला निघाला तेव्हा मंडळीने वर्गणी काढली, म्हाताऱ्या बायांनी पेन्शनमधले पैसे दिले. अशा माणसाला शंका आली की ती एकट्याची राहत नाही. एवढ्या सगळ्यांना फसवल्यासारखं वाटतं.

मी त्याची उपदेशाची वही पाहायला मागितली. सुरुवातीची पानं गच्च भरलेली, समासात ग्रीक शब्द, चार रंगांच्या शाईने केलेल्या खुणा. मग खुणा विरळ होत गेल्या, मग एकच निळं पेन. शेवटच्या पानावर तारीख, त्याखाली ‘विषय: आनंद. फिलिप्पै ४:४’ आणि खाली कोरं पान. त्या रविवारी काय केलंत, विचारलं. म्हणाला, “जुना उपदेश वाचून दाखवला. तीन-चार जण म्हणाले, आज फार आशीर्वाद मिळाला. घरी येऊन मी बाथरूममध्ये रडलो.”

मग आठवडा लिहून काढायला सांगितला. रविवारी सकाळी एका गावात उपासना, तिथून स्कूटरवर दुसऱ्या गावात, संध्याकाळी घरसभा. शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी तरुण संघ. मधल्या दिवसांत घरभेटी, दवाखाना, मयत, कुणाच्या शाळेच्या दाखल्याची खटपट. रोज पहाटे पाच वाजता व्हॉट्सॲपवर वचन. कीबोर्डही तोच वाजवायचा. सुट्टीचा रकाना त्याने रिकामा सोडला होता. आणि ‘पास्टर, कसे आहात?’ याला दिवसभर एकच उत्तर, ‘प्रभूच्या कृपेने उत्तम.’

पहिल्याच भेटीत मी सरळ विचारलं, “मरून जावंसं वाटतं का?” मरावंसं नाही, पण सकाळी जाग आली नाही तर बरं असं वाटतं, म्हणाला. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट ओझं हलकं होतं. आईला हे ऐकवायला त्याने मला परवानगी दिली. रक्त तपासून घेतलं, कारण थायरॉईड बिघडलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो. रिपोर्ट ठीक आले. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद करायच्या नाहीत, हे मी त्याला आणि आईला दोघांनाही सांगितलं.

त्याला राजीनामा द्यायचा होता. चुलतभावाच्या काजू फॅक्टरीत हिशेब लिहायचं काम ठरलंसुद्धा होतं. मी म्हटलं, “जा किंवा राहा, दोन्हीला माझी हरकत नाही. पण आत्ता ठरवू नका. जो माणूस चार ताससुद्धा झोपत नाही, त्याच्याकडून देवाबद्दलचा निकाल मागू नये.”

तेव्हा आम्ही बायबलमधलं १ राजे १९ उघडलं. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलिया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला ओरडत नाही, विश्वास वाढव म्हणत नाही. एलिया झोपतो. देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा खायला मिळतं. मगच चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर कामाला जोडीदार म्हणून अलीशा. या मुलाने यावर सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या कॉलेजात, निबंध लिहिला होता. “पण मी होरेब डोंगरावरच्या देवाच्या मंद वाणीबद्दल लिहिलं,” म्हणाला. “भाकरीबद्दल काहीच नाही लिहिलं.”

मला या शिक्षणाबद्दल तळमळीने बोलावंसं वाटतं. ग्रीक, हिब्रू, उपदेशशास्त्र, मंडळीचा इतिहास हे सगळं हवंच. पण प्रेताशेजारी रात्र काढून आल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं, नाही कसं म्हणायचं, स्वतःचं पाप नव्हे तर स्वतःचा थकवा कुणाजवळ कबूल करायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. स्पर्जन या नामवंत इंग्रज उपदेशकाचे उपदेश त्याने भरपूर वाचले होते. लंडनच्या सरे गार्डन्समध्ये १९ ऑक्टोबर १८५६ ला कुणीतरी आग लागल्याची आरोळी उठवली, चेंगराचेंगरीत सात माणसं मेली, आणि बावीस वर्षांचा स्पर्जन त्यानंतर पार खचला, हे त्याला माहीत नव्हतं. उदासी आयुष्यभर येत-जात राहिली, आणि आपल्या पाळक-विद्यार्थ्यांना त्याने त्याबद्दल उघडपणे सांगितलं. आम्हाला मात्र झिजून गेलेल्यांच्याच गोष्टी सांगतात. १८२३ मध्ये कोकणात बाणकोटला आलेला स्कॉटिश मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण लवकर मरणं हा सेवेचा नमुना नव्हे.

मंडळीच्या वडिलांना भेटायचं त्याच्या मनात नव्हतं. मी विचारलं, लहानपणी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जायचास का? जायचा, वाट्याचे बांगडे घरी आणायचा. “दोराला किती माणसं असायची?” त्याने उत्तर दिलं नाही, पण पुढच्या बुधवारी मंडळीच्या वडिलांना भेटला. बैठक सोपी नव्हती. एक जण म्हणाला, आमच्या वेळचे पाळक सायकलवर सहा गावं करत. दुसऱ्याने निर्गम १८ काढून इथ्रोने जावई मोशेला काय सांगितलं ते वाचलं: एकट्याने सगळा भार उचलू नको, कामं वाटून दे. शेवटी पहाटेचं वचन एका शिक्षिकेने घेतलं, कीबोर्ड एका बारावीच्या मुलीने, घरभेटी तिघांनी वाटून घेतल्या. सोमवार सुट्टीचा.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर ‘प्रार्थना वाढव’ एवढंच सांगून थांबू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, गोडी गेलेली असेल तर डॉक्टरांकडे न्या. त्यांच्या वाटणीची प्रार्थना तुम्ही करा. जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर रात्रीही लागतो.

तो अजून गोळ्या घेतोय. झोप आली आहे, भूक अर्धी आली आहे. प्रार्थना म्हणजे सध्या रोज रात्री एक स्तोत्र मोठ्याने वाचणं, तेही आई शेजारी बसते म्हणून. काजू फॅक्टरीचा विषय अजून मिटलेला नाही. नारळी पौर्णिमेनंतर बोलू, असं आमचं ठरलंय.