चिकाचे डाग पडलेली वही

रामराम सर. आमची रावेर तालुक्यात केळीची शेती. मुलगी एम.एस्सी. बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने केळीच्या करपा रोगावर (पानावरचे डाग) प्रोजेक्ट केला, आपल्याच वावरात. रिपोर्ट इंग्रजीत आहे. इंग्रजी सुधारायला चॅटजीपीटी वापरलं असं ती म्हणते. कॉलेजने तपासलं तर ५८ टक्के एआय निघालं, पुन्हा लिहून आणा म्हणाले. तिचं जेवणात लक्ष नाही. टायपिंगवाला म्हणतो, दीड हजार द्या, ह्युमनाइज करून, म्हणजे माणसाने लिहिल्यासारखं दिसेल असं फिरवून, शून्य टक्के आणून देतो. द्यावेत का? पुढे पीएच.डी.ला, नोकरीला याचा डाग लागेल का? मोजणीची वही चिकाने खराब झाली म्हणून ती सध्या नवीन वहीत फेअर करतेय.
– एक वडील

रामराम भाऊ,

दीड हजार देऊ नका. टायपिंगवाला खोटं बोलतोय असं नाही, तो कदाचित खरंच शून्य टक्के आणून देईल. अडचण तिथेच आहे.

कोणी लिहिलं याची नोंद त्या तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे नसते. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, वाक्यं किती एकसारख्या लांबीची आहेत, अशा गोष्टींवरून ते अंदाज बांधतं. एआय बहुतेक वेळा अपेक्षित शब्दच निवडतं, म्हणून गुळगुळीत मजकूर दिसला की त्याला शंका येते. आता आपल्या पोरांचं इंग्रजी आठवा. गाइडातून पाठ केलेलं, 'प्लेज अ व्हायटल रोल' आणि 'नाऊ अ डेज'वालं. मीही तसंच शिकलो. चॅटजीपीटी लोकांपुढे आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीचं माझं एक इंग्रजी टिपण मी गंमत म्हणून अशा तपासणीत टाकलं, तर मीच मशीन निघालो.

२०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले, एआय ओळखणाऱ्या सात सॉफ्टवेअरना, म्हणजे डिटेक्टरना, तपासायला दिले. सरासरी ६१ टक्के निबंधांवर एआयचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुखरूप सुटले. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेही स्वतःचं डिटेक्टर आणलं होतं. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे ते एआयचा फक्त २६ टक्के मजकूर पकडायचं आणि माणसाचा ९ टक्के मजकूर चुकीने एआयच्या खात्यात टाकायचं. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते गुंडाळलं.

तेव्हा कॉलेजकडून एवढं लेखी विचारून घ्या: ५८ हा आकडा एआयचा की दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्याचा? लोक ज्या १० टक्क्यांच्या मर्यादेचं नाव घेतात तो यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८चा नियम आहे आणि तो दुसऱ्याचा मजकूर उचलण्याबद्दल आहे. त्यात एआयचा उल्लेख नाही. हे दोन्ही आकडे एकाच तागडीत तोलणारे प्राध्यापक मला भेटलेत.

आता ह्युमनाइज. ओळखीचे शब्द काढून अनोळखी घालायचे, वाक्यं तोडायची, जोडायची, एवढाच तो खेळ. मशीन बऱ्याचदा फसतंही. पण तिच्या विषयात शब्द बदलला की रोग बदलतो. 'लीफ स्पॉट' हे करप्याचं इंग्रजी नाव आहे; त्याचं 'फोलिएज ब्लेमिश' झालं की बाहेरून आलेला परीक्षक तिथेच पेन टेकवणार. शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरने 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बूझम पेरिल' (छातीचं संकट) करून ठेवलेले शोधनिबंध छापूनसुद्धा आले होते. २०२१ मध्ये काही संशोधकांनी असल्या चमत्कारिक शब्दांवरूनच ते हुडकून काढले. तुमच्या पोरीला तोंडी परीक्षेत तिच्याच रिपोर्टमधलं वाक्य वाचून दाखवलं आणि तिलाच ते कळलं नाही, तर शून्य टक्क्यांचा कागद काय कामाचा?

थोडं कडू बोलतो. 'इंग्रजी सुधारायला' यात बरंच काही मावतं. तिला एकटीला विचारा, न रागावता, की पहिलं प्रकरण कोणी लिहिलं. माझा अंदाज असा की प्रस्तावना आणि जुन्या संशोधनाचा आढावा बराचसा चॅटजीपीटीचा असेल. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पोरांचा असतो. तसं असेल तर तेवढा भाग काढून टाकायचा. संदर्भ एकेक उघडून बघायचे, कारण अस्तित्वात नसलेले शोधनिबंध चॅटजीपीटी बिनदिक्कत रचून देतं. मग काय केलं, काय दिसलं, हे तिने घरी बोलते तसं फोनवर रेकॉर्ड करायचं आणि ऐकत ऐकत इंग्रजीत स्वतः उतरवायचं. व्याकरण चुकेल, चुकू द्या. जिथे एआयची मदत घेतली तिथे तसं रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहायचं, प्रोजेक्टच्या गाइडना (मार्गदर्शक प्राध्यापकांना) विचारून.

डागाचं म्हणाल तर जमा करण्याआधी पुन्हा लिहिलेला रिपोर्ट गुणपत्रिकेवर कुठे दिसत नाही. उद्या ती जळगावच्या केळी संशोधन केंद्रात, तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात किंवा एखाद्या टिश्यू कल्चर कंपनीत मुलाखतीला बसली, तर समोरचे टक्के विचारणार नाहीत. ते विचारतील: वरून मोजत आल्यावर डाग असलेलं पहिलं पान कितवं होतं? पाऊस लागून राहिला त्या आठवड्यात ते किती वर सरकलं? झाडं किती घेतली, आणि तीच का?

याची उत्तरं त्या खराब झालेल्या वहीत आहेत. म्हणून वही फेअर करणं आजच्या आज थांबवा. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, कागदावरून कसला जाणार! ते काळे डाग, मागेपुढे झालेल्या तारखा, खोडून पुन्हा लिहिलेले आकडे, यातलं काहीही टायपिंगवाल्याला बनवून देता येणार नाही. स्वच्छ वही एका रात्रीत कोणीही लिहून काढतं, आणि ती बघून गाइडनाही तीच शंका येईल. जुनी वही, फोनमधले पानांचे तारखेसकट फोटो, रिपोर्टचे आधीचे कच्चे मसुदे, गूगल डॉक्सवर लिहिलं असेल तर तिथली व्हर्जन हिस्टरी (कधी काय लिहिलं-बदललं याची नोंद), हे सगळं घेऊन तिने गाइडपुढे बसावं आणि आपणहून म्हणावं, सर, कुठल्याही पानावरचं विचारा.

तुम्ही गाडीवर सोडायला जा, आत मात्र जाऊ नका. आणि निघण्याआधी तिला पोटभर जेवायला लावा.